पेडल स्टील गिटार शिकायची आहे, पण कंट्री वाजवायचं नाही

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं: आठ-नऊ वर्षं हवाईन गिटार वाजवताय, भावगीतं आणि जुनी हिंदी गाणी. अलीकडे अँबियंट संगीतात (ताल-चाल मागे ठेवून नुसतं वातावरण उभं करणारं संथ संगीत), चर्चच्या गाण्यांत, अगदी बियॉन्सेच्या गाण्यातही पेडल स्टील कानावर आली आणि आता ती घ्यावीशी वाटतेय. कंट्री संगीताची, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या गाण्यांची, मात्र आवड नाही. तेव्हा ही नुसती लाट आहे का, कंट्री न शिकता हे वाद्य येईल का, त्यावर राग वाजवता येईल का आणि घ्यायची तर काय बघून घ्यायची?

मी दादरला सरांकडे हवाईन गिटार शिकले. लग्नानंतर न्यू जर्सीला आले आणि इथे पेडल स्टीलला बसले. वीस वर्षांहून जास्त काळ शनिवारी रात्री एका कंट्री बँडमध्ये वाजवतेय आणि गेली काही वर्षं त्याच्या बाहेरही. तुम्ही उभे आहात त्याच उंबऱ्यावर मी उभी होते, म्हणून जरा लांबण लावून लिहिते.

आधी पेडल नेमकं काय करतं ते पाहू, कारण बाकी सगळी उत्तरं त्यातूनच निघतात. हवाईन गिटारवर बार, म्हणजे तारांवर धरायचा धातूचा दांडा, सरकवला की त्याखालच्या सगळ्या तारा एकदम सरकतात. मींड मिळते, पण ती सगळ्या सुरांची मिळून एकच मींड असते. एका सुराने जागेवर थांबायचं आणि दुसऱ्याने त्याच्या अंगावरून सरकत जायचं, हे बार तिरका केल्याशिवाय होत नाही, आणि तिरका बार सुरात ठेवणं किती कठीण असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. पेडल स्टीलमध्ये वाद्याच्या पोटात सळ्या आणि कळांची यंत्रणा असते. पायाने पेडल दाबलं किंवा गुडघ्याने लिव्हर ढकलला की ठरावीक तारा ठरावीक सुरापर्यंत ताणल्या जातात किंवा सैल सोडल्या जातात. बाकीच्या तारा हलत नाहीत.

हे सरगमात बघा. सर्वांत रूढ ट्यूनिंगला ई-नाइन म्हणतात, त्यात दहा तारा. बार तिसऱ्या फ्रेटवर ठेवा, म्हणजे पांढरी पाच. पाचवी, चौथी आणि तिसरी तार छेडा: मंद्र पंचम, षड्ज, गंधार. आता डाव्या पायाने ए पेडल हळूहळू दाबा. षड्ज आणि गंधार आहेत तिथेच राहतात आणि पंचम चढत चढत धैवतावर जातो. मेजर कॉर्डचा मायनर झाला. पाय तसाच ठेवून थोडा कलता करा आणि शेजारचं बी पेडलही दाबा: गंधार मध्यमावर गेला, आणि धैवत-षड्ज-मध्यम असा वेगळाच मेजर कॉर्ड उघडला. बार जागचा हलला नाही, तारा दुसऱ्यांदा छेडल्या नाहीत, आणि एकाच झंकारात तीन कॉर्ड होऊन गेले. उजवा पाय व्हॉल्यूम पेडलवर असतो. सूर विरायला लागला की तो हळूहळू पुढे रेटायचा, म्हणजे सूर मरत नाही. हे पहिल्यांदा स्वतःच्या पायाने केलं तेव्हा मी अर्धा तास तेवढंच करत बसले होते.

आता यात कंट्री कुठे आहे? कुठेच नाही. ही सुरांची एक चाल आहे. ती कंट्री संगीताचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलच्या हाती आधी लागली, इतकंच. हवाई बेटांवर जोसेफ केकुकुने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गिटारच्या तारांवर लोखंड सरकवायची पद्धत रुजवली. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर हवाईन संगीताचं वेड अमेरिकाभर पसरलं, आणि तीस-चाळीसच्या दशकांत हे वाद्य विजेवर वाजू लागलं. पेडल्सही त्या काळात आली, पण ती बहुतेक ट्यूनिंग बदलण्यासाठी. १९५४ साली कंट्री गायक वेब पिअर्सचं ‘स्लोली’ हे गाणं गाजलं. त्यात स्टील वादक बड आयझॅक्सने तार वाजत असतानाच पेडल दाबलं आणि सूर सुरात वितळताना ऐकू आला. त्या एका गाण्यानंतर कंट्रीतल्या झाडून सगळ्या स्टील वादकांना तेच हवं झालं. पुढे बडी एमन्स या वादकाने तारांची आणि पेडल्सची जी मांडणी बसवली, तीवर आपण आजही वाजवतो.

पण याच बडी एमन्सने १९६३ साली न्यू यॉर्कच्या जॅझ वादकांना घेऊन अख्खी जॅझची रेकॉर्ड केली होती. दोन मानांच्या, म्हणजे तारांचे दोन वेगळे संच असलेल्या, वाद्यावर दुसरी मान सी-सिक्स ट्यूनिंगची असते. ती मुळात स्विंग आणि जॅझच्या भरगच्च कॉर्डसाठीच आहे. म्हणून ‘पेडल स्टील आता कंट्रीबाहेर पडली’ असं कुणी म्हणालं की मला ते अर्धंच खरं वाटतं. ती पहिल्यापासून बाहेर डोकावत होती. बाहेरचे कान आता तिच्याकडे वळलेत.

डोकावण्याची उदाहरणं द्यायची तर पुष्कळ आहेत, पण मला जवळची वाटतात ती सांगते. क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश अँड यंगच्या ‘टीच युवर चिल्ड्रन’मध्ये जेरी गार्सिया आहे. जॉर्ज हॅरिसनच्या १९७० च्या रेकॉर्डवर पीट ड्रेक आहे. एल्टन जॉनच्या ‘टायनी डान्सर’मध्ये मागून जो सूर हळूच वर चढतो, तो इंग्लंडच्या बी. जे. कोलचा. ही गाणी तुम्ही नक्की ऐकली असणार, वाद्याचं नाव माहीत नसेल एवढंच. नायजेरियाच्या किंग सनी अडेच्या जूजू संगीतात मात्र पेडल स्टील अशी मागे राहत नाही. बोलक्या ढोलांच्या आणि गिटारांच्या जाळीतून डेमोला अडेपोजूची स्टील मधूनच एखाद्या पक्ष्यासारखी सणकन वर जाते. १९८२ ची ‘जूजू म्युझिक’ ही रेकॉर्ड ऐका. त्यात कंट्रीचा मागमूस नाही, आणि तरी वाद्य उपरं वाटत नाही.

चर्चची गोष्ट वेगळी, आणि माझ्यासाठी मोठी. ‘हाउस ऑफ गॉड’ या कृष्णवर्णीयांच्या पेंटेकोस्टल चर्चमध्ये ऑर्गनच्या जागी स्टील गिटार आली ती १९३० च्या दशकाच्या शेवटी, ट्रोमन आणि विली ईसन या भावांमुळे. आधी लॅप स्टील (मांडीवर ठेवायची, पेडल नसलेली), मग पेडल. बाहेरच्या जगाला याचा पत्ता नव्हता. नव्वदच्या दशकात ‘सेक्रेड स्टील’ नावाने रेकॉर्डिंग्ज बाहेर आली तेव्हा नॅशव्हिलचे लोकही चकित झाले. मी एका रविवारी अशा प्रार्थनेला बसले होते. उपदेश करणाऱ्या बाईंचा आवाज चढत गेला तशी स्टील त्यांच्या पाठोपाठ चढत गेली, वाक्य संपलं की त्याचं शेपूट उचलून पुढे नेत होती, आणि एका टप्प्यावर कोण बोलतंय आणि कोण वाजवतंय हे कळेना. मला आमच्याकडच्या कीर्तनात बुवांचा सूर उचलणारी पेटी आठवली. फरक एवढाच की पेटीला मींड नसते आणि या वाद्याला मींडेशिवाय दुसरं काही नसतं. रॉबर्ट रँडॉल्फ याच परंपरेतला, आमच्याच न्यू जर्सीतल्या ऑरेंजचा. तेरा तारांची स्टील घेऊन तो रॉकच्या मोठ्या मंचांवर गेला, आणि २०२४ मध्ये बियॉन्सेच्या ‘काउबॉय कार्टर’मधल्या ‘१६ कॅरेजेस’मध्येही तोच आहे. म्हणजे तुम्ही ऐकलेला तो पॉपमधला सूर नॅशव्हिलहून नव्हे, चर्चमधून आलेला आहे.

अँबियंटकडे येते, कारण तुमचा कल तिकडे दिसतो. तिथली जुनी खूण म्हणजे १९८३ ची ब्रायन ईनोची ‘अपोलो’. चंद्रमोहिमांवरच्या चित्रपटासाठीचं हे संगीत, आणि त्यात डॅनियल लान्वाची पेडल स्टील आहे. अंतराळवीर सोबत कंट्री गाण्यांच्या कॅसेट घेऊन गेले होते, तो धागा ईनोने उचलला. पण खरी गोष्ट वाद्याच्या आवाजातच आहे. व्हॉल्यूम पेडल बंद ठेवून तार छेडायची आणि मग पेडल उघडायचं, की छेडल्याचा टणत्कार नाहीसा होतो. सूर कुठून आला ते कळत नाही, तो नुसता उगवतो. त्याला लांब रिव्हर्ब आणि डिले, म्हणजे घुमारा आणि प्रतिध्वनी, दिला की दहा तारांचं एक वाद्य व्हायोलिनच्या ताफ्यासारखं पसरतं. ल्यूक श्नायडरने २०२० मध्ये ‘ऑल्टर ऑफ हार्मनी’ ही सबंध रेकॉर्ड केवळ एका पेडल स्टीलच्या आवाजांतून उभी केली. चक जॉन्सनची २०१७ ची ‘बॉल्सम्स’ ही माझी रात्रीची रेकॉर्ड आहे. घरी बसून एकट्याने थरावर थर रेकॉर्ड करणं आता सोपं झालंय, आणि एकट्याने थर चढवायला याहून चांगलं वाद्य मला माहीत नाही. ही लाट ओसरेल का, याचं माझं उत्तर यातच आहे. नाव बदलेल, पण आवाजाची गरज राहील.

सुझन अलकॉर्न या पेडल स्टील वादिकेबद्दल दोन ओळी जास्त लिहिते. टेक्सासमधल्या कंट्री बँडांत तिने वर्षानुवर्षं वाजवलं, आणि मग या वाद्यावर फ्रेंच संगीतकार मेसियाँ, अर्जेंटिनाच्या पियाझोलाचे टँगो आणि मुक्त इम्प्रोव्हायझेशन असं सगळं आणलं. पियाझोलावरची तिची ‘सोलेदाद’ २०१५ ची आहे. २०२५ च्या जानेवारीत ती गेली. तिच्या वादनात शांततेला जितकी जागा आहे तितकी मी दुसऱ्या कुणा स्टील वादकाकडे ऐकली नाही. सूर सोडून द्यायचा, तो पूर्ण विरेपर्यंत थांबायचं, आणि मगच पुढचा. विलंबित ख्याल ऐकलेल्या माणसाला ती लगेच कळते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कंट्री टाळून शिकता येईल का. माझं मत स्पष्ट आहे: टाळू नका. वर ज्यांची नावं घेतली त्यांच्याकडे पुन्हा बघा. अलकॉर्न कंट्री बँडांतून आली. श्नायडर नॅशव्हिलचा, कंट्री गायिका मार्गो प्राइससोबत वाजवलेला. कोल कंट्री-रॉक बँडमधून आला. रँडॉल्फ कंट्रीतला नाही, पण चर्चची शिस्त त्याहून कडक. प्रत्येकाने आधी कुठली तरी एक परंपरा रगडून वाजवली आहे. पेडल दाबण्याचा वेग, बार आणि पेडल यांचं एकमेकांशी जमणं, गायकाच्या ओळी संपेपर्यंत थांबून मोकळी जागा भरणं, हे सगळं कंट्रीच्या तीन कॉर्डच्या साध्या गाण्यांत जितकं उघड दिसतं तितकं अँबियंटच्या धुक्यात दिसत नाही. रिव्हर्ब बेसुरेपणा झाकतो, आणि शिकताना झाकलेली चूक हातात कायमची बसते. दोन वर्षं तरी संथ, रडवी कंट्री गाणी कोरड्या आवाजात वाजवा. आवड नसली तरी चालेल. मलाही सुरुवातीला नव्हती. एके रात्री बारमधला एक म्हातारा माझ्या चार सुरांवर डोळे पुसताना दिसला, आणि त्यानंतर मी त्या गाण्यांना कधी हलकं म्हटलं नाही.

तुमच्या हातात आधीच काय आहे आणि काय नाही, तेही सांगते. बारखालचा सूर कानाने शोधणं तुम्हाला येतं, आणि हे मोठं भांडवल आहे. बार मात्र इथे जाड आणि जड असतो, दोनशे ग्रॅमच्या आसपास. तो दाबायचा नसतो, त्याच्या वजनावर ठेवायचा असतो. अवघड जाईल ते तारा बंद करणं. दहा तारा, लांब झंकार, वरून अँप. नको असलेला प्रत्येक सूर तळहाताच्या कडेने किंवा पिकच्या टोकाने थांबवावा लागतो. माझे पहिले सहा महिने यातच गेले. रोज वीस मिनिटं नुसतं छेडायचं आणि थांबवायचं. कंटाळवाणं आहे, पण हे ज्याला आलं नाही त्याचं पेडल स्टील वादन चिखल होतं.

राग वाजेल का? वाजेल, पण मी वाजवत नाही, आणि तुम्हालाही वाजवा असं सांगणार नाही. रागासाठी लागतं ते सगळं लॅप गिटारमध्ये आधीच आहे. ब्रिजभूषण काबरांनी ते सिद्ध करून दाखवलं. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये संतूर आणि बासरीच्या जोडीला त्यांची गिटार ऐका. पुढे विश्वमोहन भट्टांनी आणि देबाशिष भट्टाचार्यांनी तरफा, चिकारी लावून वाद्यच आपलं करून घेतलं. पेडल हे ठरावीक सुरापासून ठरावीक सुरापर्यंतच जातं. पंचमाहून धैवतावर जाताना मधल्या श्रुतीवर रेंगाळायचं तर पाय अर्ध्यात तोलून धरावा लागतो. ते जमतं, पण आंदोलनातला जिवंतपणा बोटाच्या टोकाला जसा येतो तसा घोट्याला येत नाही. पेडल स्टीलचं बळ एका वेळी दोन-तीन सूर वेगवेगळे चालवण्यात आहे, आणि रागसंगीताला त्याची गरज नाही. आपल्या भावगीतांच्या मागे, कॉर्डच्या संगतीत, ती विलक्षण शोभेल असं मात्र मला फार वाटतं. साठ-सत्तरच्या दशकांत व्हॅन शिपले, हजारा सिंग यांच्या स्टील गिटारवरच्या चित्रपटगीतांच्या रेकॉर्ड्स घराघरांत वाजत होत्या. कोलकात्यात तर हवाईन गिटारची पिढीच्या पिढी तयार झाली. ते कान अजून गेलेले नाहीत.

एक गोष्ट तुम्हाला इथल्या वादकांहून लवकर कळेल. पेडल स्टील पियानोच्या सुरांत लावत नाहीत. इलेक्ट्रॉनिक ट्यूनरचा काटा मध्यावर आणून लावलीत तर तिसरी आणि सहावी तार, म्हणजे गंधार, तीन सुरांच्या कॉर्डमध्ये कर्कश वाटेल. म्हणून बहुतेक वादक गंधार काट्यापेक्षा १२ ते १४ सेंट (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर) उतरवून लावतात. जेफ न्यूमन नावाच्या नामांकित शिक्षकाने याचे आकडे मांडून दिले, ते आजही चालतात. मला जेव्हा तो कागद पहिल्यांदा दाखवला तेव्हा मी हसले, कारण हा तर तंबोऱ्याचा गंधार! खर्जाची तार नीट लागली की तिच्या पोटातून जो आपोआप ऐकू येतो, तोच. पेटीच्या गंधाराबद्दल आपल्याकडे जी तक्रार असते, तीच तक्रार इथे स्टीलवाले पियानोबद्दल करतात. तुम्ही कागदाच्या नादी लागू नका, तंबोरा लावा आणि कानाने मिळवा. फक्त कीबोर्डसोबत वाजवताना थोडी तडजोड करावी लागेल हे ध्यानात असू द्या.

घेण्याबद्दल. दोन मानांची घेऊ नका. केससकट ती तीस किलोच्या आसपास भरते, आणि सी-सिक्सची मान तुम्हाला पहिली पाच वर्षं लागणार नाही. एका मानेची, दहा तारांची, ई-नाइनची, तीन पेडल्स आणि किमान चार गुडघा-लिव्हर असलेली बघा. विद्यार्थ्यांसाठीची नवी, धड वाजणारी स्टीलही हजार डॉलरच्या वर जाते. त्याहून स्वस्तात मिळणाऱ्या, एखाद-दुसराच लिव्हर असलेल्या वाद्यांवर पैसे घालू नका. वर्षभरात ती अपुरी पडतात. वाद्याच्या पायांची उंची विचारून घ्या, कारण गुडघे लिव्हरपर्यंत सहज पोचले पाहिजेत. उंचीला बेताच्या माणसाला हे वाद्य उगाच अवघड वाटतं.

जुनी घेणार असाल तर माझा अनुभव ऐका. माझी पहिली स्टील एका घरगुती विक्रेत्याकडून घेतलेली. दिसायला आरशासारखी, चकचकीत. उजव्या टोकाला जिथे तारा अडकवतात त्या भागाला चेंजर म्हणतात. त्यातली, तारा ताणणारी धातूची बोटं झिजलेली होती. पेडल दाबून सोडलं की पाचवी तार मूळ पंचमावर परत येत नसे, केसभर चढीच राहत असे. मी चार महिने स्वतःच्या बारला दोष देत होते. शेवटी एका जुन्या वादकाने वाद्य उलटं करून सळ्या हलवून दाखवल्या तेव्हा कळलं. दुरुस्तीला वाद्याच्या निम्मी किंमत गेली.

म्हणून पैसे देण्याआधी विक्रेत्याला सांगा: ट्यूनर लाव, पाचवी तार मोकळी वाजव, ए पेडल दहा वेळा दाबून सोड, आणि काटा कुठे परत येतो ते दाखव. तिसऱ्या आणि सहाव्या तारेवर बी पेडलने तेच. मग चौथी आणि आठवी, लिव्हरने वर आणि खाली दोन्हीकडे. आणि वाद्य घरी आलं की ०.०११ इंच जाडीची तिसरी तार डझनभर घेऊन ठेवा. सर्वांत आधी तीच तुटते, आणि हमखास ऐन कार्यक्रमात.